प्रोसेसर तयारच झाला नाही तर?

नागपुरात व्हीएनआयटी असो की हिंगणा रोडवरचे एखादे खासगी कॉलेज, अँड्रॉइड ॲप शिकणाऱ्या विद्यार्थ्याची लिनक्सवर एका तक्रारीशी गाठ पडतेच: इम्युलेटर सुरू होत नाही, केव्हीएम सापडत नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असते, नाहीतर त्या विद्यार्थ्याच्या खात्याला केव्हीएम वापरायची परवानगी नसते. दोन मिनिटांचे काम. पण निदान काय बिघडले ते सांगणारा संदेश तरी मिळतो. ही सोय आपोआप आलेली नाही.

अँड्रॉइडचा हा इम्युलेटर क्यूईएमयूवर उभा आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने 2003 मध्ये क्यूईएमयू खुला केला. एका जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर चालवून दाखवणे, हे त्याचे काम. ऑक्टोबर 2006 मध्ये क्युमरानेट या इस्रायली कंपनीच्या अवी किविटी यांनी केव्हीएमचे पॅच मांडले आणि फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्स 2.6.20 सोबत केव्हीएम कर्नलमध्ये आले. प्रोसेसरची नक्कल करण्याऐवजी खऱ्या प्रोसेसरचाच वेळ गेस्टला, म्हणजे आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनला, वाटून देता येऊ लागला. पुढच्याच वर्षी रेड हॅटने क्युमरानेट विकत घेतली.

व्हर्च्युअल प्रोसेसर 'तयार करणे' म्हणजे नेमके काय? क्यूईएमयू प्रत्येक प्रोसेसरसाठी एक थ्रेड सुरू करतो. तो थ्रेड कर्नलकडे प्रोसेसर मागतो, कर्नल एक फाइल डिस्क्रिप्टर देतो, मग दोघांच्या सामाईक वापराचे मेमरीचे पान जोडले जाते. इकडे मुख्य थ्रेड 'तयार झालो' या निरोपाची वाट पाहत थांबलेला असतो. यातली कुठलीही पायरी निसटू शकते. मेमरी संपते, उघड्या फाइलींची मर्यादा गाठली जाते, प्रोसेसरचा क्रमांकच चुकीचा निघतो. तिसऱ्या पायरीवर अडले तर दुसरी आणि पहिली उलट्या क्रमाने आवरून ठेवावी लागते. नव्या प्रोग्रामरचा आणि पुष्कळदा जुन्याचाही पाय घसरतो तो इथेच, कारण हे आवरण्याचे कोड रोजच्या वापरात कधी चालतच नाही.

सुरुवातीच्या वर्षांत क्यूईएमयूचा खाक्या सरळ होता. कर्नलने नकार दिला की त्या थ्रेडने पडद्यावर 'केव्हीएम इनिट व्हीसीपीयू फेल्ड' अशी ओळ छापायची आणि सगळा प्रोग्राम बंद करायचा. आळशीपणा म्हणून त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण मशीन नुकतेच चालू होत असेल तर तो निर्णय चूक नव्हता. गेस्टमध्ये अजून काहीच चाललेले नसते. अर्धवट मशीन पुढे रेटण्यापेक्षा बंद पडलेले बरे.

चूक घडली ती कर्नलच्या बाजूला, आणि ती जास्त गंभीर होती. डिसेंबर 2013 मध्ये गूगलच्या अँड्र्यू होनिग यांनी दाखवून दिले की, प्रोसेसर तयार करताना बाहेरून आलेला क्रमांक केव्हीएम पुरेसा तपासतच नव्हते. हाच क्रमांक पुढे कर्नलच्या मेमरीतले बिट शोधायला वापरला जाई. मुद्दाम मोठा क्रमांक दिला की भलत्याच जागेचे बिट बदलता येत. सीव्हीई-2013-4587 या नावाने ही त्रुटी नोंदली गेली. होस्टवरच्या, म्हणजे मूळ यंत्रावरच्या, साध्या वापरकर्त्याला तिच्यातून जादा अधिकार मिळवता येत होते. दुरुस्ती अगदी लहान होती: क्रमांक मर्यादेबाहेर असेल तर दारातूनच परत पाठवा.

दरम्यान क्यूईएमयूच्या घरात वेगळीच उठाठेव सुरू होती. 2011 मध्ये आयबीएमच्या अँथनी लिगोरी यांनी चूक झाल्याची बातमी वाहून नेणारी 'एरर' नावाची रचना आणली. चूक ज्याला सापडली त्या फंक्शनने स्वतः बंद पडायचे नाही; ती बातमी बोलावणाऱ्याच्या हाती द्यायची आणि काय करायचे ते त्याने ठरवायचे. तत्त्व सुरेख, पण पाळणे कंटाळवाणे. प्रत्येक फंक्शनमध्ये त्याच त्या चार-पाच ओळी लिहाव्या लागत आणि त्यातली एखादी राहून जाई. या विभागाची राखण करणाऱ्या मार्कुस आर्मब्रुस्टर यांनी वर्षानुवर्षे रिव्ह्यूमध्ये हेच टोकले. 2020 मध्ये ईआरआरपी-गार्ड हा मॅक्रो आला, त्या ओळी घटल्या, आणि फंक्शनने यशापयश परतीच्या मूल्यातूनही सांगावे असा दंडक झाला.

महाराष्ट्राचा धागा याच काळातला. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातून केव्हीएम आणि क्यूईएमयूवर काम केलेल्या अमित शाह यांनी 2014 मध्ये एक तपासणी-स्क्रिप्ट लिहिली. चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना दोन्हीकडच्या क्यूईएमयूच्या आवृत्त्या प्रोसेसरची आणि इतर उपकरणांची स्थिती एकाच पद्धतीने लिहितात-वाचतात का, हे ती आधीच ताडून पाहते. स्थलांतरात एक दिलासा असतो: नव्या जागी अडले तरी मूळ मशीन चालू राहते.

हॉटप्लगमध्ये तो दिलासा नाही. चालत्या मशीनला आणखी एक प्रोसेसर जोडायला जावे आणि कर्नलने नकार द्यावा; जुनी रीत सांगते, सगळे बंद करा. एक पाहुणा आला नाही म्हणून लग्नच मोडण्याचा हा प्रकार. आत एखाद्या बँकेचा डेटाबेस चालू असेल तर? पॉवर प्रोसेसरच्या यंत्रांवर मेमरी तोकडी असली की हे प्रत्यक्षात घडू शकत होते.

अडचण अशी की नकार मिळतो तो नव्या थ्रेडच्या पोटात, आणि तिथून बातमी परत द्यायला कुणी बोलावणारा समोर नसतो. 2024 मध्ये आयबीएमचे हर्ष प्रतीक बोरा यांनी यावर काढलेला तोडगा चतुर आहे. थ्रेड सुरू करण्याआधीच कर्नलकडून प्रोसेसर मागून घ्यायचा आणि बाजूला ठेवून द्यायचा. मिळाला तर थ्रेड नंतर येऊन उचलेल. नाही मिळाला तर हॉटप्लगची विनंती तेवढी नाकारली जाईल, मशीन आपले चालू राहील. बाजूला ठेवायची ही जागा आयतीच होती. केव्हीएममध्ये एकदा तयार झालेला प्रोसेसर सुटा काढून टाकता येत नाही, म्हणून काढलेले प्रोसेसर पुन्हा वापरासाठी राखून ठेवण्याची यादी 2016 च्या सुमारास आली होती. त्या कामात आयबीएमचेच भरत राव यांचा हात होता.

कर्नलमध्येही क्रमाचा घोळ पुन्हा निघालाच. 2023 मध्ये मिहाल लुचाय यांनी दाखवले की, नवा प्रोसेसर यादीत घातल्यावरही पुढची पायरी फसू शकते. तेव्हा तो नष्ट होतो, पण मधल्या क्षणात दुसऱ्या कुणाची नजर त्याच्यावर पडलेली असू शकते. म्हणून फसण्याजोग्या पायऱ्या आधी उरकून मगच त्याला यादीत घ्यायचे, असे ठरले.

सगळ्याच दुरुस्त्या तडीस गेल्या असे नाही. थ्रेडच तयार झाला नाही तर क्यूईएमयू जागच्या जागी कोसळतो. ती बातमी बोलावणाऱ्यापर्यंत पोहोचवणारी पॅचमालिका 2018-19 मध्ये रिव्ह्यूच्या अनेक फेऱ्यांतून फिरली. पण ते फंक्शन पुढेही काहीच परत न देणारे राहिले. आर्म प्रोसेसरवर तर मशीन उभे राहिल्यानंतर कर्नल नवा प्रोसेसर बनवूनच देत नाही. म्हणून तिथल्या हॉटप्लगसाठी हुआवेच्या सलील मेहता यांनी मांडलेली रचना सगळे संभाव्य प्रोसेसर सुरुवातीलाच मागून घेते आणि नको असलेले त्याच राखीव यादीत ठेवते. नकार यायचाच असेल तर तो तिथे मशीन चालू होतानाच येतो.