स्विफ्टच्या पैशात जर्मन गाडी?

रात्रीचे साडेबारा. उद्या सबमिशन आहे, जर्नल अर्धवट आहे आणि तुम्ही रील बघताय. काळी चकचकीत सेडान, सनरूफ, बेज लेदरच्या सीट्स, मागे पंजाबी गाणं. डीलर दार उघडून बंद करतो, तो जड ‘ठप्प’ आवाज येतो आणि तो म्हणतो, ‘‘ओन्ली साडेसहा लाख!’’ एवढ्या पैशात शोरूममधून नवी स्विफ्ट घ्यायची तर बेस मॉडेलवर समाधान मानावं लागतं. तुम्ही रील सेव्ह करता. मग ग्रुपवर टाकता. ‘भावांनो, जॉब लागला की पहिली हीच.’

लाजू नका, ती रील माझ्याकडेही सेव्ह आहे. पण त्याआधी माझ्या मावसभावाची गोष्ट ऐका.

दादाला पुण्यात पहिली नोकरी लागली आणि सहाव्या महिन्यात तो मित्राला घेऊन दिल्लीला गेला. येताना बारा वर्षांची जर्मन डिझेल सेडान चालवत आला. कंपनीचं नाव सांगत नाही, दादा अजून हळवा आहे. अर्धे पैसे त्याचे, अर्धे मावशीने नाशिकची एफडी मोडून दिलेले. पहिला महिना म्हणजे नुसता सण होता. सिन्नरच्या पुढे रिकाम्या रस्त्यावर तिने जो पिकअप घेतला, तो मी विसरलेलो नाही. सोसायटीचा वॉचमन उठून गेट उघडायला लागला. आजवर दादाला त्याने कधी ओळखलंही नव्हतं.

आता या गाड्या दिल्लीतच एवढ्या स्वस्त का, ते बघा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांवर तूर्त कारवाई नको असं म्हटलं, पण मधल्या काळात बाजार बनून गेला होता. तिथल्या मालकाला गाडी दहा वर्षांच्या आत बाहेर काढायची घाई, आणि इकडे आपण डोळ्यांत चांदण्या घेऊन तयार. त्यात महागड्या गाड्यांचा स्वभावच असा, की वॉरंटी संपली की पहिला मालक नवी घेतो आणि जुनीची किंमत धाडकन खाली येते.

खरी मेख इथेच आहे. किंमत गाडीची खाली येते, पार्टची नाही. पंचेचाळीस लाखांची गाडी साडेसहा लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलॅम्प, तिचा गिअरबॉक्स, तिचं सस्पेन्शन हे सगळं पंचेचाळीस लाखांच्या गाडीचंच राहतं. आणि बारा वर्षांनी हे सगळं साधारण एकाच वेळी म्हातारं होतं.

दादाच्या गाडीने पहिल्या पावसाळ्यात सुरुवात केली. सकाळी पार्किंगमध्ये गेला तर गाडी पुढच्या डाव्या बाजूला बसलेली, गुडघे टेकल्यासारखी. एअर सस्पेन्शन होतं. साध्या गाडीत जिथे लोखंडी स्प्रिंग असते, तिथे यात हवेने भरलेली रबरी पिशवी असते. रबर जुनं झालं की चिरा पडतात, रात्रभरात हवा निघून जाते. सकाळी कॉम्प्रेसर ती भरायला धावतो. रोज जास्त धावून शेवटी तोही जळतो. म्हणजे दुखणं एक आणि बिलं दोन. दादाने आधी नुसती पिशवी बदलली आणि दोन महिन्यांनी कॉम्प्रेसर. दोन्ही मिळून एक लाख दहा हजार, तेही ओरिजिनल नाही, बाहेरच्या कंपनीचे पार्ट.

मग गिअरबॉक्स. सिग्नलला थांबून निघताना झटका द्यायचा. कोथरूडवरून हिंजवडीला जाताना किती सिग्नल आणि किती ट्रॅफिक, हे पुण्यातल्या पोरांना सांगायला नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला सगळ्यात जास्त त्रास याच रांगण्यात होतो. कोटेशन आलं पावणेदोन लाखांचं. गाडी गॅरेजमध्ये ४७ दिवस उभी राहिली, कारण एक पार्ट बाहेरून यायचा होता. ते ४७ दिवस दादा ॲक्टिव्हावर ऑफिसला गेला, रेनकोट घालून. माझ्या मते ‘रोजची गाडी’ या शब्दाचा अर्थ या ४७ दिवसांत आहे. बिघडणं प्रत्येक गाडीच्या नशिबी आहे. पण ऑल्टो बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक नाना पेठेतून पार्ट आणून संध्याकाळी चावी हातात देतो.

बाकीचे खर्च छोटे, पण रोज चावणारे. शहरात ॲव्हरेज नऊ-दहाचं. रोज ३६ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे ८६ लिटरच्या आसपास डिझेल. लिटरला नव्वद रुपये धरले तरी पावणेआठ हजार. पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये, वर जीएसटी. काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात, डिक्कीत स्टेपनीच नसते. खड्ड्यात टायर फुगला की कोपऱ्यावरचा पंक्चरवाला नुसता हात जोडतो. काही मॉडेल्समध्ये बॅटरी बदलली तरी लॅपटॉप जोडून गाडीला ‘ही नवी बॅटरी’ असं सांगावं लागतं! आणि स्पीडब्रेकर. आपल्याकडचा स्पीडब्रेकर कुठल्याही अभियंत्याने न काढलेल्या चित्रासारखा असतो. त्यावरून खाली बसणारी सेडान नेताना जो ‘खर्रर्र’ आवाज येतो, तो पोटात जाणवतो.

कागदपत्रांचं वेगळंच. दुसऱ्या राज्यातली गाडी महाराष्ट्रात कायम ठेवायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा नंबर आणि इकडचा रोड टॅक्स लागतो. हा टॅक्स तुम्ही मोजलेल्या साडेसहा लाखांवर नसतो. गाडीची मूळ किंमत धरून, वयाप्रमाणे कमी करत तो काढतात. नव्या डिझेल गाडीला वीस लाखांच्या वर पंधरा टक्के दर आहे, त्यावरून अंदाज घ्या. दादाला हे एजंटने पुण्यात आल्यावर सांगितलं.

‘‘पण परदेशात तर पोरं जुनी पोर्शे रोज चालवतात!’’ असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. एमएससाठी गेलेल्यांना तिकडे पहिल्या पिढीची बॉक्स्टर खरोखर आवाक्यात दिसते. ती रोज चालवता येण्यासारखी आहेही. फक्त तिच्या इंजिनातलं एक बेअरिंग बदनाम आहे. ते गेलं तर अख्खं इंजिन घेऊन जातं. म्हणून जाणकार तिकडे आधी त्याची पावती मागतात. उलट नव्वदच्या दशकातली फेरारी एफ३५५ घ्या. तिचा टायमिंग बेल्ट बदलायला इंजिन गाडीबाहेर काढावं लागतं. सुपरकारही रोज विनातक्रार चालू शकते, हे होंडाने १९९० मध्ये एनएसएक्स आणून दाखवलं. पण आज ती स्वस्त राहिलेली नाही. आणि यातली कुठलीच गाडी उचलून इकडे आणता येणार नाही, कारण तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी आयात करायला आपल्याकडे परवानगी नाही.

मग उत्तर सरसकट नाही का? रोजची एकमेव गाडी म्हणून माझं उत्तर नाहीच. पण आमच्या कॉलेजमधल्या एका सरांकडे पंधरा वर्षांची पेट्रोल मर्सिडीज आहे आणि ते मजेत आहेत. साधी स्प्रिंग, कमी रनिंग, पहिल्या दिवसापासूनच्या सर्व्हिसच्या पावत्या एका फाइलमध्ये. रविवारी ती काढतात, सोमवारी वॅगन-आरने कॉलेजला येतात. गाडी घेतानाच त्यांनी तिच्या किमतीच्या एक तृतीयांश रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली होती. तेवढे पैसे बाजूला नसतील तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, असं ते सरळ म्हणतात.

तरीही बघायला जाणारच असाल तर निदान नीट बघा. गाडी थंड असताना जा. डीलरने आधीच सुरू करून गरम ठेवली असेल तर काहीतरी लपवतोय समजा. एअर सस्पेन्शन असेल तर आदल्या रात्री कुठे उभी होती ते विचारा आणि सकाळी चारही कोपऱ्यांची उंची बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाचा डाग दिसला तर गाडी पुरात बुडून आलीय. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून हिस्टरी काढा, म्हणजे मीटर मागे फिरवलंय का ते कळेल. दुसरी चावी मागा, कारण नवी बनवायला भरपूर पैसे जातात. कर्जाचा बोजा आणि चलनं परिवहनच्या ॲपवर दिसतात. आणि बाहेरचा मेकॅनिक स्कॅनर घेऊन सोबत न्या. त्याचे दोन-तीन हजार द्यायला दादाने नको म्हटलं होतं.

दादाने गाडी शेवटी पावणेतीन लाखांना विकली. चौदा महिन्यांत गाडी आणि दुरुस्ती मिळून नऊ लाखांच्या वर गेले होते. मावशीचे पैसे तो अजून दर महिन्याला पाच हजारांनी फेडतोय. मावशी घेत नव्हती, त्याने ऐकलं नाही.

गेल्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर चुकून एक लिंक आली. काळी सेडान, फर्स्ट ओनर, आठ लाख. दादाने घाईघाईने डिलीट केली. तोवर मावशीने वाचली होती. तिने एवढंच लिहिलं, ‘‘सनरूफ आहे का रे?’’