मूत्राशयात पाहुणा जंतू

मज्जारज्जूला इजा झाली की पाय जातात, हे दिसतं. मूत्राशयाचा ताबाही जातो, हे सहसा घरच्यांनाच कळतं. मग दिवसातून चार-सहा वेळा कॅथेटर घालून लघवी काढावी लागते. त्या नळीसोबत जंतू आत शिरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, वारंवार नळी नको म्हणून पाणी कमी पिणाऱ्याचा धोका आणखी वाढतो. संवेदना नसल्याने जळजळही कळत नाही. ताप, थंडी, पायांचा वाढलेला ताठरपणा अशा खुणांवरूनच ओळखावं लागतं.

प्रतिजैविकं पुन्हा पुन्हा घेतली की जंतू त्यांना दाद देईनासे होतात. म्हणून एक उफराटी कल्पना पुढे आली: निरुपद्रवी जंतू आधीच मूत्राशयात वसवायचा, म्हणजे उपद्रवी जंतूंना जागाच उरणार नाही! स्वीडनमधल्या एका मुलीच्या लघवीत ई. कोलायचा असा वाण सापडला, ८३९७२. तिला तो वर्षानुवर्षं होता, त्रास मात्र काहीच नव्हता. ह्यूस्टनमध्ये मज्जारज्जूच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. ज्यांच्यात तो टिकला, त्यांना संसर्ग कमी झाले. पण अनेकांत तो टिकतच नाही, हीच खरी अडचण. लॅक्टोबॅसिलस हा दुसरा निरुपद्रवी जंतू थेट मूत्राशयात सोडण्याचे प्रयोगही अमेरिकेत झाले आहेत.

असेच जंतू असलेल्या, तोंडाने घ्यायच्या प्रोबायोटिक गोळ्यांचं काय? ऑस्ट्रेलियात २०७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१९) त्यांचा उपयोग दिसला नाही. असेच जंतू असलेलं ताकही प्यावं ते चवीसाठी.

मूत्राशयात जंतू वसवण्याचा उपचार अजून प्रयोगातच आहे; घरी काहीही मूत्राशयात सोडू नका. लघवी नुसती गढूळ आहे, ताप नाही, तर प्रतिजैविक मागण्याआधी डॉक्टरांना विचारा.