ब्लेनिमचा पूल

इंग्लंडातील ऑक्सफर्ड नगरीच्या वायव्येस सुमारे आठ मैलांवर वुडस्टॉक नावाचे जुने गाव आहे. त्या गावाला लागून असलेली ब्लेनिमची जहागीर मूळची राजघराण्याच्या खाजगीकडील. बाराव्या शतकाच्या आरंभी पहिल्या हेन्री राजाने तेथील शिकारीच्या रानाला दगडी कोट घातला, आणि पुढे राणीपदी आरूढ झालेल्या एलिझाबेथला १५५४ साली तेथील जुन्या राजवाड्यातच नजरकैदेत दिवस कंठावे लागले. १३ ऑगस्ट १७०४ रोजी डॅन्यूब नदीकाठच्या ब्लेनिम खेड्याजवळ मार्लबरोचा ड्यूक जॉन चर्चिल याने चौदाव्या लुईच्या फौजेचा दारुण पराभव केला, तेव्हा अ‍ॅन राणीने संतुष्ट होऊन ही जहागीर त्यास बहाल केली आणि तीवर प्रासाद उभारण्यासाठी सरकारी खजिना खुला केला. या इनामाच्या बदल्यात ड्यूकच्या वंशजांनी दरसाल विजयदिनी फ्रेंच राजचिन्ह असलेले निशाण विंडसरच्या किल्ल्यात नजराणा म्हणून रुजू करावे असे ठरले, आणि हा रिवाज आजही चालू आहे. विन्स्टन चर्चिल यांचा जन्म १८७४ साली याच प्रासादात झाला.

प्रासादाचे काम जॉन व्हॅनब्रू याजकडे आले. हा गृहस्थ प्रथम सैनिक, मग नाटककार, आणि सर्वांत शेवटी स्थापत्यकार. त्यामुळे भव्य प्रवेशाचे महत्त्व त्याच्या हाडीमांसी खिळलेले होते. प्रासादाच्या उत्तरेस ग्लाइम नदीचे दलदलीचे खोरे आडवे पसरले होते आणि त्यातून पाण्याचे काही क्षीण प्रवाह तेवढे वाहत होते. सेंट पॉलच्या मंदिराचा कर्ता क्रिस्टोफर रेन याने येथे बेताचा पूल सुचविला होता. परंतु व्हॅनब्रूचीच योजना मान्य झाली, आणि मधल्या कमानीचा गाळा सुमारे १०१ फूट असलेला, पोटात अनेक दालने सामावणारा प्रचंड सेतू उभा राहू लागला. त्यावर कमानींची ओळ असलेला मजला चढविण्याचाही त्याचा मानस होता. तो मात्र सिद्धीस गेला नाही.

ड्यूकची पत्नी सेरा ही करारी आणि हिशेबी बाई होती. पुलाच्या पोटात तिने ३३ खोल्या मोजल्या, आणि एवढ्याशा ओढ्यावर एवढा खटाटोप कशासाठी, हा तिचा सवाल त्या काळी पुष्कळांना रास्त वाटला. १७१६ साली व्हॅनब्रूने हे काम सोडले. १७२५ मध्ये तो पत्नीसह आपली कृती पाहावयास आला असता सेराच्या हुकुमावरून त्यास आत पाऊल टाकू दिले गेले नाही, आणि पुढील वर्षी तो निवर्तला. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, चौथ्या ड्यूकच्या अमदानीत, लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानरचनाकाराने ग्लाइमला बांध घालून खोऱ्यात विशाल सरोवर निर्माण केले. खालची दालने बुडाली, पायांचा अवजड भाग पाण्याखाली गेला, आणि जो पूल आजवर अवाढव्य भासत होता तोच त्या जलविस्तारावर सर्वथा प्रमाणबद्ध दिसू लागला.

याच पुलाच्या उत्तर टोकाजवळच्या उंचवट्यावर तो जुना राजवाडा मोडकळीस येऊन उभा होता. त्याचे अवशेष राखावे म्हणून व्हॅनब्रूने १७०९ साली लेखी विनंती केली. प्राचीन वास्तू थोर व्यक्तींची आणि घटनांची स्मृती इतिहासाच्या ग्रंथांहूनही सजीव राखतात, आणि भोवती झाडी लावल्यास त्या भग्न भिंती प्रासादासमोरील देखाव्यास शोभाच आणतील, असे त्याचे प्रतिपादन होते. ते कोणी मनावर घेतले नाही. सेराला ते अवशेष डोळ्यांसमोर नको होते. अखेरीस ते जमीनदोस्त झाले, आणि आज त्या जागी खुणेचा एक दगड तेवढा आहे.

तथापि जो विचार त्या राजवाड्यास तारू शकला नाही, तोच कालांतराने राज्याच्या कायद्यात उतरला. १८८२ साली ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर महत्त्वाच्या वास्तूंची सरकारी सूची तयार होऊ लागली, आणि तीत या पुलाची गणना सर्वोच्च श्रेणीत झाली. अशा वास्तूत मालकालाही परवानगीवाचून फेरफार करता येत नाही. १९८७ साली युनेस्कोने प्रासाद आणि सभोवतालचे उद्यान यांचा जागतिक वारशात एकत्रच समावेश केला, हे सर्वथा उचित झाले. कारण हा पूल केवळ दगडांचा नाही, त्याखालचे पाणी, दोन्ही काठांचे उतार आणि त्यांवरील वृक्षराजी मिळून तो पूर्ण होतो, आणि सरोवर गाळाने भरून गेले तर एकही चिरा न ढळता त्याचे सौंदर्य नष्ट होईल.

एका पिढीने उधळपट्टी ठरविलेली कृती दुसऱ्या पिढीच्या हातून पूर्णत्वास गेली आणि तिसरीला वंदनीय वाटली. ज्या राजवाड्याला मात्र एका पिढीच्या नापसंतीपलीकडे टिकता आले नाही, त्याचा निवाडा पुन्हा करण्याची संधी कोणालाच उरली नाही. म्हणून जुन्या वास्तूवर पहार चालविण्यापूर्वी, आपला निर्णय चुकला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार आपण पुढच्यांकडून हिरावून घेत आहोत, याचे भान प्रत्येक पिढीने बाळगले पाहिजे.