पायथॉनमध्ये चालतो, मग ब्राउझरमध्ये का अडतो?

तुम्ही किंवा तुमची मुलं पायथॉन शिकत असाल, तर कधीतरी हा अनुभव येईल. प्रोग्राम पायथॉनमध्ये छान चालतो. तोच कम्पायलरने जावास्क्रिप्टमध्ये बदलून ब्राउझरमध्ये उघडला, की मध्येच गप्प होतो. एररही दिसत नाही. मग आपण तासन्तास स्वतःचीच चूक शोधत बसतो.

अशा वेळी आधी जनरेटरकडे बघा. पोळ्या दोन प्रकारे वाढतात. एकतर सगळ्या करून डब्यात ठेवायच्या, नाहीतर मागितली की तव्यावरची एक गरम वाढायची. डबा म्हणजे लिस्ट, मागेल तशी एकेक देणारा तो जनरेटर. त्यातलं यील्ड म्हणजे, 'ही घे, पुढची मागितलीस की करते.' पायथॉनमध्ये ही सोय २००१ मध्ये आली, जावास्क्रिप्टमध्ये अधिकृतपणे २०१५ मध्ये.

समजा, जनरेटर १ ते १० आकडे देतो. फॉर लूपमध्ये ३ आल्यावर तुम्ही ब्रेक केलं आणि त्याच जनरेटरवर दुसरा लूप लावला. पायथॉन ४ पासून पुढे देतो. पण कम्पायलरने तुमचा फॉर सरळ जावास्क्रिप्टच्या फॉर-ऑफमध्ये बदलला असेल, तर ब्रेक होताच जनरेटर कायमचा बंद होतो. गॅस बंद, कणीक फ्रीजमध्ये! दुसऱ्या लूपच्या ताटात काहीच पडत नाही.

खरा गोंधळ पुढे आहे. पहिले तीन आकडे लूपऐवजी नेक्स्टने मागितले, तर दोन्हीकडे पुढचा लूप ४ पासूनच सुरू होतो. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी नाही.

खात्री करायची असेल तर जनरेटरचं काम ट्रायमध्ये ठेवा आणि फायनलीत एक प्रिंट टाका. पायथॉनमध्ये ते १० नंतर छापलं जाईल. ब्राउझरमध्ये ब्रेक होताक्षणीच छापलं गेलं, की चोर सापडला.

'लिस्ट करून टाक' असा सल्ला मिळेल, पण लिस्टवरचा दुसरा लूप पुन्हा १ पासून सुरू होतो. त्यापेक्षा सुरुवातीचे आकडे नेक्स्टने घ्या आणि उरलेल्यांसाठी ब्रेक नसलेला लूप लावा. खरी दुरुस्ती मात्र कम्पायलरमध्येच हवी. फॉर-ऑफऐवजी त्याने व्हाइल लूपमध्ये स्वतः नेक्स्ट मागावं आणि डन आहे का ते तपासावं. त्यामुळे कम्पायलर बनवणाऱ्यांना हा दहा ओळींचा प्रोग्राम आणि दोन्हीकडची उत्तरं नक्की पाठवा.