कोमोचे रेशीम: धागा बाहेरचा, हुनर घरचे

एप्रिल-मे महिन्यांत इटलीच्या कोमो सरोवराकाठी प्रवासी व्हिला कार्लोत्ताच्या बागेतील फुले पाहायला जातात. कापडाच्या व्यापाऱ्याने मात्र मिलानहून आगगाडीने तासाभरात कोमो शहर गाठावे. एके काळी याच ऋतूत तुतीला पाला फुटला की या भागातील शेतकरी घरात रेशीमकिडे पाळत. दुसऱ्या महायुद्धानंतर तो धंदा संपत गेला. आता कच्चे रेशीम मुख्यतः चीनमधून येते. तरीही कोमोच्या मालाचे नाव टिकले ते रंगाई, छपाई आणि नक्षीकामावर. या कामाची तालीम देणारी तेथील शाळा १८६८ सालची आहे. रेशीम संग्रहालयात जुनी यंत्रे जरूर पाहावीत. बंधूंनो, धागा बाजारात विकत मिळतो. हुनर मात्र पुढच्या पिढीला शिकवावेच लागते.