वामनदादांचे शेवटचे कडवे गाळू नका!

भीमजयंतीच्या मंचावर वामनदादा कर्डकांचे गाणे झाले नाही, असे गाव महाराष्ट्रात शोधूनच काढावे लागेल. आमच्या केळशीच्या खाडीपलीकडे मंडणगड तालुका आहे आणि त्याच तालुक्यातील आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव. या टापूत जयंतीला मुंबईचे चाकरमानी येतात, रात्र जागते. गाणी लहानथोरांना पाठ असतात. पण ती लिहिली कोणी? निवेदक 'पारंपरिक भीमगीत' म्हणून मोकळा होतो.

बांधवांनो, ही गाणी आभाळातून पडलेली नाहीत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे वामन तबाजी कर्डक जन्मले. पोटासाठी मुंबईत आले, गिरणीत राबले. एकाने पत्र वाचायला दिले, तेव्हा अक्षरओळख नाही म्हणून हा तरुण रडला आणि जिद्दीने बाराखडी शिकला. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत तो वाचू लागला. ३ मे १९४३ रोजी पहिले गीत लिहिले. तेथून १५ मे २००४ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत दादा गावोगाव फिरून बाबासाहेबांचा विचार गात राहिले. ज्यांच्यापर्यंत ग्रंथ पोहोचले नाहीत, त्यांच्यापर्यंत हा शाहीर पोहोचला.

शाहिरीत कवीचे नाव शेवटच्या कडव्यात येते. कोकणातल्या शक्ती-तुऱ्यातही शाहीर आपले व गुरूचे नाव असेच गुंफतो. गरीब शाहिराचा तोच सातबारा! ध्वनिमुद्रिकेची वेळ वाचवायला किंवा डीजेच्या ठेक्यासाठी नेमके तेच कडवे कापले जाते आणि 'वामन' हे नावही त्याबरोबर जाते.

कायदा काय म्हणतो? प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे दादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. कलम ५७ तर त्याहून पुढे जाते. गीताचे हक्क विकले तरी त्या गीताचा कर्ता म्हणवून घेण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणांच्या व्यापारी वापरातील मोबदल्यात गीतकाराचा वाटाही राखला. मात्र हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कलम ५२ ची सवलत आहे. तेव्हा जयंती मंडळांनी घाबरू नये, खुशाल गावे. जाब विचारायचा तो गाणी विकून नाव पुसणाऱ्यांना.

आपल्या हातात मात्र एवढे नक्की आहे. गाण्याआधी कवीचे नाव घ्या. पत्रिकेत गायकाबरोबर गीतकारही छापा. शेवटचे कडवे गाळू नका. फलकावर तसबिरीशेजारी दोन ओळींत त्यांचा परिचय लिहा. मुलांना 'वाटचाल', 'मोहळ' हे संग्रह वाचायला द्या.

हजारो वर्षे आपल्या माणसांचे श्रम घेतले गेले आणि नावे पुसली गेली. तेच काम आपल्याच मंचावरून आपल्याच हाताने व्हावे काय? ज्या माणसाने रडत रडत अक्षर गिरवले, त्याचे नाव घ्यायला आपल्याला अर्धे मिनिटही लागत नाही. जयभीम!