सर्व्हर बसला... आता काय?

मित्रहो, सबमिशनचा आठवडा आणि आमच्या लॅबचा सर्व्हर सलग तीन रात्री दोनच्या सुमारास बंद! त्यावर अख्ख्या बॅचचे फायनल इयर प्रोजेक्ट. मग काय, हॉस्टेलवर जितकी डोकी तितकी निदानं. कोणी म्हणे हार्ड डिस्क गेली, कोणी म्हणे यूपीएस. एक महाशय तर पेनड्राइव्हवर ओएस घेऊन फॉरमॅट मारायलाच उभे! लॅबचे सर एवढंच म्हणाले, "आधी लॉग वाचा. स्क्रूड्रायव्हर नंतर."

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बहुधा बीएमसी नावाचा वेगळा छोटा कंट्रोलर असतो. सर्व्हर बंद असला, तरी वीज असेपर्यंत तो जागाच. तापमान, पंखे, व्होल्टेज, रॅम यांच्या तक्रारी तो तारीखवार लिहून ठेवतो. लिनक्सवर 'आयपीएमआयटूल सेल लिस्ट' ही कमांड दिली की ती वही उघडते. आमच्या वहीत एकच नाव पुन्हा पुन्हा होतं: स्लॉट ए-२, ईसीसी एरर. डिस्कचा 'स्मार्ट' रिपोर्ट वेगळा पाहिला. तो स्वच्छ होता.

पारंपरिक ईसीसी रॅम दर ६४ बिट डेटामागे ८ बिट तपासणीसाठी ठेवते. एक बिट चुकला तर गुपचूप दुरुस्त होतो. दोन चुकले तर चूक कळते, पण दुरुस्त होत नाही. मग मशीन बहुधा थांबतं. चुकीचं उत्तर देण्यापेक्षा थांबलेलं बरं! रात्री दोनला आमचा बॅकअप सुरू व्हायचा, रॅम भरायची आणि घोटाळा व्हायचा. म्हणजे तीन रात्रींचा बॅकअपही अर्धवटच! म्हणून पहिलं काम दुरुस्ती नव्हे, कॉपी. दिवसा एकेक फोल्डर करून सगळे प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर हलवले.

मग खरी परीक्षा. सर्व्हर बंद केला, दोन्ही पॉवर सप्लायच्या वायरी काढल्या, हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला. ए-२ आणि बी-२ मधल्या रॅमची अदलाबदल केली. बाकी कशालाही हात नाही! आता एरर बी-२ वर आली तर रॅम खराब. ए-२ वरच राहिली तर संशय स्लॉटवर किंवा प्रोसेसरच्या मेमरी कंट्रोलरवर. रात्री लॉगमध्ये उमटलं: बी-२. चोर सापडला!

नवी रॅम बसवली, मेमटेस्ट रात्रभर चालवला, दुसऱ्या रात्री बॅकअप पूर्ण झाला. रॅम, डिस्क, ओएस सगळं एकदम बदललं असतं, तर कदाचित सर्व्हर चालू झाला असता, पण दुखणं कुठे होतं ते कधीच कळलं नसतं.

डिस्कच्या बाबतीत तर घाई फारच महाग पडते. रेड-५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते. ती गेलेली असताना चुकून शेजारची चांगली डिस्क ओढलीत, तर सगळा ॲरे आडवा! आधी सीरियल नंबर जुळवा, मगच हात घाला.

तेव्हा दोस्तांनो, लॉग वाचा, डेटा वाचवा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि हो, प्रोजेक्टची एक कॉपी स्वतःजवळही ठेवा. व्हायव्हाला 'सर, सर्व्हर बसला' हे उत्तर चालत नाही!